नावं गेलेल्या फायली

पेटी बोंबलायला लागली तेव्हा माझ्या एका गालाला साबण होता. अडगळीच्या खोलीतून चिरका, एकसुरी, थांबून थांबून येणारा आवाज, आणि त्याच्यावर बायकोचा. "माझी सवत रडतेय रे. जा, घे तिला." हा तिचा जुना विनोद. ती तलावावर लोकांना पोहायला शिकवते. पाण्यात कान बुडालेल्यांशी दिवसभर काठावरून ओरडून बोलायचं, त्यामुळे एकच गोष्ट दहादा म्हणण्यात काही वावगं आहे असं तिला वाटेनासं झालंय. पेटीला ती सवत म्हणते, पेटीच्या पंख्याला सवतीचं घोरणं म्हणते, आणि मी नवीन डिस्क आणली की "दागिना वाटतं?" असं विचारते. मी हसत नाही. सुरुवातीला हसलो असेन. अर्धी दाढी तशीच ठेवून मी गेलो. इस्त्रीचं टेबल, सुटकेसी आणि कधीच न उघडलेल्या तंबूची पिशवी ह्यांच्यामागे घरचे फोटो-व्हिडिओ साठवणारी ती काळी पेटी बसली होती आणि तिच्या अंगावरचा एकुलता एक लाल दिवा लागला होता. विकतच्या पेट्यांना प्रत्येक डिस्कचा वेगळा दिवा असतो, कुठली बिघडली ते शेंबड्या पोरालाही कळावं म्हणून. ही पेटी मी स्वतः जोडली होती आणि ते दिवे गाळले होते. ज्याला मोजता येतं त्याला दिवे काय करायचेत?

मोजणारी माणसं जगात थोडी. बाकीच्यांचं सगळं रामभरोसे. मी एका विमा कंपनीच्या मागच्या खोलीत काम करतो, जिथे यंत्रं असतात, गार हवा असते आणि खिडकी नसते. तिथे वर्षानुवर्षं लोक रडवेल्या तोंडाने येतात. फाईल गेली. कशी गेली? आपोआप गेली. दुसरी प्रत कुठाय? ह्यावर ते असे बघतात जसं काही मी त्यांना दुसरं डोकं कुठाय म्हणून विचारलंय. मला ते मागे बॅकअपबुवा म्हणतात, तेही इतक्या मोठ्याने की मला ऐकू येतं. धड कुजबुजताही येत नाही. एकदा एका पिकल्या केसांच्या गृहस्थांनी चालू यंत्रातून भलतीच डिस्क उपसली होती. यंत्र पहिल्या डिस्कला शून्य म्हणतं, दुसरीला एक, तिसरीला दोन. ह्यांनी आपलं शाळेतलं गणित लावलं आणि यंत्राने दोन म्हटल्यावर दुसरी ओढली. मी चारचौघांत त्यांना हाताची बोटं शून्यापासून मोजून दाखवायला लावली होती. त्यांनी दाखवली. अंगठ्याला शून्य म्हणताना त्यांचे कान लाल झाले होते आणि मला त्यांची अजिबात दया आली नव्हती. आजही येत नाही.

तर आमच्या पेटीत चार डिस्क. सामान चौघींत असं विभागून ठेवलेलं असतं की एक मेली तरी उरलेल्या तिघी मिळून तिचं सगळं परत उभं करतात. नवी आणून जागेवर बसवायची, बस. आणि सामान म्हणजे काय, तर आमचं अख्खं कुटुंब. आई गेल्यावर मी मोहीमच काढली होती. बाबांच्या घरातले अल्बम, बहिणीकडच्या कॅसेटी, बायकोच्या माहेरची पाकिटं, सगळं गोळा केलं आणि एकेक करून पेटीत घातलं. मूळ वस्तू टाकून दिल्या. बहीण कळवळली होती. "दादा, राहू दे ना रे, आईचं अक्षर आहे मागे." मी म्हटलं, अक्षराचाही फोटो काढलाय. बुरशी धरलेल्या कागदावर जीव लावणं हा एक प्रकारचा गबाळेपणाच आहे. ह्या लोकांना जपणं म्हणजे खोक्यात कोंबून पलंगाखाली सरकवणं. आणि काय जपायचं, तर अर्धी कपाळं, लेन्सवर आलेले अंगठे, केकवर ओणवी झालेली तीच ती तोंडं, कुठल्याशा समुद्राकडे बोट दाखवणारे काका. मी त्यातलं काही बघितलं नाही. प्रत काढणं वेगळं आणि बघत बसणं वेगळं. पोस्टमन पत्रं वाचत नाही.

आदल्याच दिवशी बहिणीचा फोन आला होता. थंडीत बाबांना अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून ते तिच्याकडे आहेत. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. खरं सांगायचं तर बोलणं गेल्याचा मला फारसा फरक जाणवला नव्हता. बाबा मुळात अबोल. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, घरी येऊन हात घासून घासून धुतले, जेवले, झोपले. मी समोर बसलो की "हं" आणि "बरं". आता "हं" आणि "बरं" नाही, एवढंच. पण बहिणीने बोलणं शिकवणारी एक बाई लावली होती, आणि त्या बाईचं म्हणणं असं की बाबांना त्यांचाच जुना आवाज ऐकवायचा, हसताबोलतानाचा, म्हणजे तोंडाला जुनी वाट सापडते. बाबांचा आवाज हाताशी नव्हता म्हणून एक-दोनदा बहिणीचा लावून बघितला होता, उपयोग झाला नव्हता. "बाई म्हणतात, आत्ता काही झालं नाही तर मग पुढे अवघड आहे. दादा, तो एक व्हिडिओ आहे बघ तुझ्याकडे. माझ्या जुन्या घरातला, जेवणानंतरचा. बाबा गोष्ट सांगतायत." मी तारीख विचारली. तारीख कशी आठवेल, म्हणाली. तारखेशिवाय शोधायचं म्हणजे काय गवतात सुई शोधायची का, म्हटलं. ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासते. उलट्या-सुलट्या काचा लावून "आता बरं की मघाशी बरं" असं विचारत राहायची तिला सवय आहे. चिडली नाही. "सोमवारी सकाळी बाई येणारेत. तेवढं बघ." मी म्हटलं, शनिवारी काढून देतो. आणि बाबा गोष्ट सांगतायत ह्यावर माझा विश्वास बसला नव्हता. दुसऱ्या कुणाचे तरी बाबा असतील.

शनिवारी सकाळी म्हणूनच मला घाई नव्हती, फक्त कटकट वाटत होती. पडद्यावर ओळ आली होती: डिस्क दोन नादुरुस्त. जास्तीची एक डिस्क कपाटात होतीच. पेटीचं दार उघडलं, दुसऱ्या कप्प्याची खिट्टी दाबली आणि डिस्क ओढली. ती हातात आली तेव्हा आत काहीतरी फिरत होतं. भोवरा हातावर घेतला की तळव्यात जी कुरकुर होते तशी कुरकुर, हळूहळू मंदावत गेलेली. ती कोमट होती, चांगली धडधाकट होती. मेलेली डिस्क अशी फिरत नाही हे मला कळत होतं, पण ते कळणं आणि माझ्या हातात ते असणं ह्यांच्यामध्ये एक मोठी पांढरी जागा पडली, तिच्यात गालावरचा साबण वाळून ताणल्याचं मला स्पष्ट जाणवलं, आणि मग पेटीने बोंबलणं बंद केलं. एकदम शांत. डाव्या हाताच्या अंगठ्याकडे माझं लक्ष गेलं. शून्य. मग एक. मग दोन. तिसरा कप्पा.

"काय झालं?" बायको दारात. अंगावर तलावाचा टॉवेल, केसांना त्या पाण्याचा उग्र वास. मी सांगितलं, कारण तिला कळणार नाही अशी माझी खात्री होती. तिला लगेच कळलं. "म्हणजे एक मेलेली, आणि एक तू मारलीस."

"मारली नाही. काढली. परत लावता येते."

"मग लाव की."

"इतकं सोपं नसतं ते."

"पण तुझ्याकडे दुसरी प्रत असेल ना? तू तर सगळ्या जगाला..." ती थांबली. माझ्या तोंडाकडे बघून तिला उत्तर मिळालं असावं. दुसरी प्रत होती. एका मोठ्या डिस्कवर ठेवलेली होती, आणि पेटीतली जागा कमी पडली तेव्हा मी तीच डिस्क पुसून पेटीत चौथी म्हणून बसवली होती. चौघी एकमेकींना सांभाळतात, मग पाचवी कशाला? "लोका सांगे ब्रह्मज्ञान," बायको म्हणाली, आणि पुढचं अर्धं न म्हणताच टॉवेलने केस पुसत निघून गेली. हसली नाही हे विशेष. तिला हसायला हवं होतं; मी तिच्या जागी असतो तर दिवसभर हसलो असतो.

मग शनिवार गेला. ओढलेली डिस्क जागेवर बसवली, पेटीला समजावलं की ही तुझीच आहे, दामटून तिघींना एकत्र आणलं. सामान होतं. पण मी डिस्क उपसली त्या क्षणी पेटी काहीतरी लिहीत होती आणि ते अर्धवट तुटलं, त्यामुळे कुठे काय आहे हे सांगणारा भागच नासला. माझे कप्पे, वर्षं, महिने, प्रत्येक फाईलला मी दिलेलं नाव, ह्यांतलं काही उरलं नाही. उरला एकच ढिगारा, आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीवर पोलिसांनी पकडलेल्या माणसासारखा नुसता आकडा. तारखाही सगळ्या आजच्या. पेटीच्या मते आमच्या कुटुंबात जे काही झालं ते सगळं ह्या शनिवारी सकाळी झालं. फायली एकेक करून दुसऱ्या डिस्कवर ओतल्या जात होत्या, आणि तो एक व्हिडिओ त्यात आहे की नाही हे कळायला एकच मार्ग होता, उघडून बघणं. मी, ज्याने कधी पत्र वाचलं नाही असा पोस्टमन, अर्ध्या दाढीने खुर्चीत बसलो आणि उघडायला लागलो.

किती रटाळ असतं हे. कुणाच्या तरी गुडघ्याचा फोटो. पार्किंगमधली आमची जुनी गाडी. पुन्हा तीच गाडी, कारण पहिल्या फोटोत चाक आलं नव्हतं. आईचा हात, मनगटापर्यंत, बशी पुढे करणारा. तो मी जरा जास्त वेळ उघडा ठेवला, बशीवर डाग होता म्हणून. मग बाबांचे फोटो. सगळ्या फोटोंत बाबा एकाच तऱ्हेने उभे, हात खाली, लेन्सकडे बघत, लिफ्टची वाट बघणाऱ्या माणसासारखे. फोटो अर्थात मीच काढलेले. त्यांच्या हातांवरून मला ती लिफ्टच्या वरची खोली आठवली, मशीनची, जिथे काळ्या तेलाचा वास आणि मोठं चाक होतं. मी आठ वर्षांचा असेन, शाळेला सुट्टी होती, आई आजारी होती, म्हणून ते मला बरोबर घेऊन गेले होते. मला एका डब्यावर बसवलं आणि गप्प राहावं म्हणून यंत्राचं माहितीपुस्तक मांडीवर दिलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत कुणी साहेब होते. बाबा हाताने चाक फिरवून लिफ्ट खाली आणत होते, आणि पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं की आधी सगळ्या मजल्यांची दारं बंद आहेत का ते बघा. बाबांनी बघितलं नव्हतं. मी ते सांगितलं. माझं बरोबर होतं. आजही त्या पानावरचं चित्र मला दिसतं. त्यानंतर बाबांनी मला कधी कामावर नेलं नाही. बरोबर असण्याचं हे असं असतं, लोकांना ते सोसत नाही, आणि हे मला आठव्या वर्षी कळलं म्हणजे बऱ्यापैकी लवकर कळलं म्हणायचं.

रविवारी दुपारी एक फाईल उघडली तर पडद्यावर टेबलक्लॉथ आणि पाण्याचा जग, तिरका. मग माझा हात, फार जवळ. मग माझा आवाज. स्वतःचा आवाज ऐकून माणसाला ओशाळायला होतं म्हणतात; मला फक्त एवढं वाटलं की हा माणूस फार स्पष्ट बोलतो. "कॅमेऱ्याला कुणी हात लावू नका. मी गाडीतून चार्जर घेऊन येतो." दार वाजलं. जिन्यावर पावलं, खाली खाली जाणारी. टेबलाभोवती चारपाच पोटं आणि हात दिसत होते, तोंडं नव्हती, आणि एकही हात हलत नव्हता. मग बहिणीचा आवाज आला. "गेला?"

"गेला," बायको म्हणाली. माझीच बायको. "खालचं दार वाजलं."

आणि सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या. कुणी पाय लांब केले, कुणी भांड्यातलं उरलेलं खरवडायला घेतलं, आई "अगं बोटाने काय, चमचा घे" म्हणाली, कुणीतरी सुस्कारा टाकला, वर्ग संपल्यावर टाकतात तसा. आणि एक भरदार, मजेत आलेला, किंचित घोगरा आवाज म्हणाला, "सांगू का त्या लिफ्टमधल्या साहेबाची?" मला कळलंच नाही कोण ते. खरोखर कळलं नाही. काका असतील म्हणून मी पडद्यावर काकांचा हात शोधला. मग टेबलावर एक हात चाक फिरवल्यासारखा फिरायला लागला आणि त्याच्या नखांत ते कधीच न निघणारं काळं होतं. बाबा सांगत होते. साहेब आत अडकलाय, घामाघूम, छताकडे बघून ओरडतोय, कोण आहे का वर, कोण आहे? "मी म्हणणार होतो, घाबरू नका साहेब, आलोच. तेवढ्यात आमचं हे ध्यान, मांडीवर पुस्तक घेऊन, लिफ्टच्या खड्ड्यात डोकं घालून सांगतंय." इथे बाबांनी आवाज बदलला. बारीक, नाकातून येणारा, प्रत्येक अक्षर सुटं करणारा आवाज. "'मी आणि बाबा आहोत. पण बाबा चुकतायत.'" टेबल हादरलं, जग हलला. बाबा स्वतःच हसत सुटले होते, खोकत, श्वास अडकत, आणि थांबले की पुन्हा तो आवाज काढत होते, "बाबा चुकतायत!", की सगळे पुन्हा फुटत होते, आणि आई म्हणत होती, "पुरे हो, येईल तो." मग जिन्यावर पावलं. वर वर येणारी. हसणं कुणीतरी नळ बंद करावा तसं बंद झालं. दार. माझा आवाज: "काय चाललंय?" आणि बाबांचा, मला जन्मभर माहीत असलेला: "काही नाही. हं."

मला संताप आला. लपवत नाही. माझ्याच कॅमेऱ्यासमोर बसून, माझ्या मागे! बरं, धड लपवताही आलं नाही, समोर लाल दिवा चालू आहे एवढंही अख्ख्या टेबलाला दिसलं नाही. नंतर बहिणीला आठवलं असणार की हे टिपलं गेलंय, आणि तिने काय केलं? काही नाही. तिला माहीत होतं की मी बघणार नाही. माझ्याबद्दल त्यांना किती नेमकं माहीत होतं ह्याचाच मला जास्त राग आला. बोट डिलीटच्या बटणाजवळ होतं, आणि सबब तर पेटीने आयती दिली होती: गेला तो व्हिडिओ, डिस्क बिघडली, सापडला नाही. कुणी शंकासुद्धा घेतली नसती. सुरुवातीचं ते "गेला?" तरी कापता आलं असतं. मी तो पुन्हा लावला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा मी फक्त बाबांचा हात बघितला. आणि मग बरीच वर्षं ज्याच्यावर माझं पोट चाललंय त्या सवयीने मी फाईलला नाव दिलं, दोन ठिकाणी प्रती केल्या, दोन्ही उघडून तपासल्या. जे आहे ते आहे तसं परत करायचं, त्यात आपलं शहाणपण घालायचं नाही. एवढंच मला येतं.

बायको मागे उभी होती. कधीपासून ते विचारलं नाही. "सापडला वाटतं," ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मी होते ना तिथे." मग माझ्या गालाकडे बघून, "दाढी कर आधी. असा जाणारेस का उद्या?"

सोमवारी बहिणीच्या घरी बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, उजवा हात मांडीवर, दुसऱ्याचा कुणी ठेवून गेल्यासारखा. बोलणं शिकवणारी बाई अपेक्षेप्रमाणे असह्य निघाली. "आजोबा, आज आपण मज्जा करणार आहोत!" ज्या माणसाने चाळीस वर्षं दोराला लोंबकळणारी माणसं सुखरूप खाली आणली त्याच्याशी ती टाळ्या वाजवून बोलत होती. बहिणीने व्हिडिओ लावला. मी भिंतीला टेकून उभा. टेबलक्लॉथ, जग, माझा हात, माझं दार. "गेला?" बहिणीची मान खाली गेली, पण तिने बंद केलं नाही. बाबांचा आवाज सुरू झाला तसे बाबा पुढे वाकले. ओठ हलले. गालाची एक बाजू ओढली गेली, आत काहीतरी चाकावर येऊन अडकल्यासारखं. मग त्यांनी पडद्यावरून डोळे काढले आणि माझ्याकडे बघितलं, आणि ओठ मिटले. हात खाली, लिफ्टची वाट बघणारा माणूस.

"म्हणा ना आजोबा," बाई म्हणाली. "कुणी मदत करायची नाही हं, त्यांचं त्यांना येऊ दे." पुन्हा लावलं. पुन्हा तेच. ते पुढे वाकायचे, मला बघायचे आणि मिटायचे. बाईने काहीतरी लिहिलं आणि तोंड असं केलं की बहिणीचे डोळे भरून आले. मला त्या बाईचा, त्या पडद्याचा, खोलीतल्या सगळ्यांचा मनस्वी तिटकारा आला.

मग बहीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, तुला गाडीतून काही आणायचं होतं का?"

मला समजायला जरा वेळ लागला. एरवी मी समजण्यात मागे नसतो.

"हो," मी म्हणालो. "चार्जर."

बाहेर आलो, दार चांगलं आवाज करून ओढलं. जिन्यावर पाय आपटत खालपर्यंत गेलो, आत ऐकू जावं म्हणून, आणि खालचं दार उघडून धाडकन लावलं. मग बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांवर पुन्हा वर आलो. जिन्याची फरशी गार होती. कुणी शेजारी बाहेर आला असता तर काय सांगणार होतो, देव जाणे. आत व्हिडिओ चालू होता. साहेब ओरडत होता, कोण आहे का वर. मग तो मध्येच थांबवला कुणीतरी. आणि मग एक आवाज आला, घशातून ओढून काढलेला, पण बारीक, नाकातला, प्रत्येक अक्षर सुटं करणारा. "बा. बा."

आयुष्यात प्रथमच मला कुणी अशी हाक मारल्यासारखं वाटलं, आणि ती हाक माझीच होती.

"बाबा," आतून पुन्हा. "चु... चु..." पुढे जाईना. कुणी मदत करायची नव्हती. बूट छातीशी धरून मी ओठांतल्या ओठांत म्हणालो, चुकतायत. बाबा, चुकतायत. आत खुर्ची करकरली, आणि ते आलं, वेडंवाकडं, अर्ध्या तोंडाने, पण अख्खं. बहीण रडत हसायला लागली, बाई टाळ्या वाजवायला लागली, आणि त्यांच्यावर तो भरदार खोकत हसणारा आवाज चढला.

मी दाराला हात लावला नाही. मोज्यांवर तिथेच उभा राहिलो, आवाज न करता.